पडद्यावरचा कळप

उमापूरच्या धुळाजींना माणसांची नावं लक्षात राहत नसत. सख्ख्या मेहुण्याला त्यांनी एकदा भर लग्नात "पाव्हणं, कंच्या गावचं?" असं विचारलं होतं, तो मेहुणा अजून रुसलेला आहे. पण मेंढरू एकदा त्यांच्या नजरेखालून गेलं की ते कायमचं डोक्यात बसायचं. अडीचशे मेंढरांतली कोणती कोणाची लेक, कोणाला गेल्या उन्हाळ्यात डोळे आले होते, कोणी डाव्याच कुशीवर बसते, हे धुळाजींना विचारावं. त्यातही त्यांचं सगळं लक्ष पायांवर. कळप समोरून जाऊ लागला की ते तोंडाकडे बघायचेच नाहीत. खाली खुरांकडे बघत उभे राहायचे आणि शेवटचं मेंढरू गेल्यावर म्हणायचे, "त्या कानतुटीच्या खुरात खडा हाय, काढून घ्या." खडा निघायचाच.

अशा माणसाचा मागल्या वर्षी खुबा मोडला. बांधावरून घसरण्याचं निमित्त झालं. ऑपरेशन झालं, आत सळई बसली, काठी टेकत ओसरीपर्यंत येता येऊ लागलं, पण कळपामागं चालणं संपलं. दिवाळी झाली तशी मेंढरं नेहमीसारखी बाहेर पडली आणि बीड ओलांडून पालीकडे, बिंदुसरा धरणाच्या अंगाला चरायला गेली. मुलगा बजरंग आणि पुतण्या सुरज त्यांच्यासोबत गेले. धुळाजी घरी राहिले. जन्मात पहिल्यांदाच मेंढरं गेली आणि ते मागे राहिले.

त्या घराची एक रीत होती. होळी झाली की त्या साली जन्मलेल्या नर कोकरांतलं एकच कळपाला राखायचं, बाकीची बाजाराला न्यायची. कोणतं राखायचं ते घरातल्या कर्त्या म्हाताऱ्याने सांगायचं, आणि त्याने सांगितलं की कोणी ब्र काढायचा नाही. पुढची पाच-सहा वर्षं अख्ख्या कळपाची पैदास त्या एका मेंढ्यावर असते, त्यामुळे ही काही गंमत नव्हे. तीस वर्षं तो शब्द धुळाजींचा होता. आता ज्याला कळपच दिसत नाही तो निवडणार काय? हे घरात कोणी बोललं नव्हतं, पण म्हातारा दिवसभर भिंतीकडे बघत बसायचा, आणि त्याच्या मनात काय चाललंय हे सुनेला कळत होतं.

सून म्हणजे उज्ज्वला, बजरंगची बायको. लग्नाआधी ती बीडला भावाच्या ओळखीने एका क्लासमध्ये प्रश्नपत्रिका टाइप करायची. त्यामुळे उमापुरात कोणाचा प्रिंटर अडला की बोलावणं हिला. मेंढरांतलं मात्र तिला फारसं कळत नव्हतं, आणि सासूबाई कडूबाई ते तिला विसरू देत नव्हत्या.

सुरुवातीला ती सासऱ्यांना मोबाइलवर कळप दाखवायची. सुरज पालीहून व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवायचा. धुळाजी तो बोटभर पडदा नाकाला लावून बघायचे आणि परत द्यायचे. "पोरी, ह्यात मेंढरं कुठं हायत? हे तर सांडलेलं हुलगं दिसायलंय."

खोटं नव्हतं ते. व्हॉट्सॲपवरून येता येता व्हिडिओ दाबून दाबून इतका बारीक व्हायचा की खुरं म्हणजे नुसते काळे डाग. उज्ज्वलाने मग भावाला फोन लावला. सोमनाथ बीडच्याच एका क्लासमध्ये कॉम्प्युटर सांभाळायचा. त्या क्लासची जागा बदलत होती आणि जुनं सामान भंगारात चाललं होतं. त्यातला एक कॉम्प्युटर तिने मागितला. २०११ सालचा, बुटका आडवा डबा, अंगावर "लॅब ७" अशी चिकटपट्टी. सोबत हॉलमधला मोठा टीव्हीही मागितला. त्या टीव्हीचं आतलं सगळं जळालं होतं. तो स्वतःहून काही लावू शकत नव्हता, उजव्या कडेला एक हिरवी रेघ कायमची उमटली होती. पण काच अस्सल फोर-केची. बाहेरून कोणी चित्र दिलं तर इतकं स्पष्ट दाखवायचा की मेंढीच्या पापणीवरचं कुसळ मोजावं.

"ताई, हे दोन्ही म्हातारे हायत," सोमनाथ सामान टेम्पोत चढवताना म्हणाला. "एकाला दिसतंय पण कळंना, दुसऱ्याला कळतंय पण जिवात जीव न्हाई."

"आमच्या घरात बसतील मग," उज्ज्वला म्हणाली.

बेत साधा होता. सुरज दर शनिवारी पीठ, मीठ, चहा न्यायला मोटारसायकलवर घरी यायचाच. त्याच्या फोनवर फोर-के व्हिडिओ निघायचा. त्याने फोन एका दगडावर नीट ठेवायचा, समोरून सगळा कळप जाऊ द्यायचा, आणि शनिवारी फोनमधलं कार्ड घेऊन यायचं. व्हॉट्सॲप नको, दाबणं नको. जसं दिसलं तसं पडद्यावर.

पहिल्या शनिवारी घरात जत्रा भरली. शेजारपाजारचेही आले. कॉम्प्युटरचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरू लागला आणि अख्ख्या भिंतीभर पालीचं माळरान उघडलं. वाळलेलं गवत, मागे धरणाचं पाणी, आणि डावीकडून मेंढरं येऊ लागली. खरीखुरी, लोकरीत अडकलेल्या काटक्यांसकट. कडूबाईंनी तर पदर तोंडाला लावला. "अगं बया, ती बघा भुंडी! जाड झाली की."

धुळाजी काठीवर हनुवटी टेकून खाली पायांकडे बघत राहिले. हळूहळू त्यांचा चेहरा उतरत गेला. उज्ज्वलाने विचारलं, "मामा, काय झालं?"

"बंद कर," ते म्हणाले. "बजरंगला फोन लाव. कळपाला खुरकूत लागलीय. एक न्हाई, दोन न्हाई, सगळी लंगडत्यात."

बाकी कोणाला काही लंगडताना दिसलं नव्हतं. पण धुळाजींनी पाय बघून सांगितल्यावर शंका कोण घेणार? बजरंगनेही घेतली नाही. त्याने कळप जागेवर थांबवला, दोन दिवस एकेक मेंढरू उलटं करून खुरं तपासली, औषधाच्या पाण्यात बुडवली, गुरांचा डॉक्टर बोलावला. अडीचशे मेंढरं म्हणजे हजार खुरं. एकातही काही नाही. डॉक्टर हसत हसत गेला.

हसण्यावारी गेलं असतं तरी चाललं असतं. पण पालीत बातमी फुटली की धनगराच्या कळपाला रोग आहे. ज्या दोन शेतकऱ्यांनी खतासाठी मेंढरं रानात बसवायला बोलावलं होतं, त्यांनी निरोप धाडला, नको बाबा, आमच्याही गोठ्यात जनावरं आहेत. बजरंग गावात तोंड दाखवेना. त्या संध्याकाळी त्याचा फोन आला. उज्ज्वला भाकरी थापत होती, हात पिठाचे, म्हणून तिने फोन स्पीकरवर ठेवला. तिथेच चुकलं.

"आबाला म्हणावं आता बस झालं," बजरंगचा आवाज घरभर झाला. "म्हाताऱ्याला दिसंना झालंय आन् आमी पळतोय त्याच्या शब्दावर. आता कळपात लक्ष घालू नका म्हणावं. यंदाचा मेंढा मीच राखीन."

धुळाजी चार हातांवर बसले होते. त्यांनी फक्त काठी भिंतीला लावून ठेवली आणि बाजेवर आडवे झाले. जेवायला उठले नाहीत. उज्ज्वलाला इतकं वाईट वाटलं की तव्यावरची भाकरी करपून गेली आणि कडूबाईंनी त्यावरूनही ऐकवलं.

पुढचे चार दिवस म्हातारा पडद्याकडे पाठ करून बसला. उज्ज्वला मनातल्या मनात धुमसत होती. नवऱ्यावर, आणि जास्त करून स्वतःवर. ही सगळी हौस तिची होती. पण एक गोष्ट तिच्या गळी उतरत नव्हती. ज्या माणसाने पन्नास वर्षं खुरातला खडा लांबून ओळखला, त्याला एकाएकी अडीचशे मेंढरं लंगडताना कशी दिसली? एखादं दिसलं असतं तर समजू शकतो. सगळीच?

पाचव्या दिवशी दुपारी धुळाजी डुलकी घेत असताना तिने तो व्हिडिओ पुन्हा लावला आणि यावेळी सासऱ्यांसारखी खाली बघत बसली. तोंडं नाही, फक्त पाय. बराच वेळ काही कळलं नाही. मग कळपामागून सुरज चालत आला. मिशीवाला, दोन लेकरांचा बाप, चांगला धडधाकट गडी. त्याचं पाऊल उचललं, पुढे आलं, आणि टेकायच्या आधी किंचित गचकलं. पुन्हा चार-पाच पावलांनी गचकलं. कुत्र्याचंही तसंच. वाऱ्याने हलणारं गवतसुद्धा मध्येच अडखळत होतं.

"मामा, उठा!" ती ओरडली. "मेंढरं न्हाई, मशीन लंगडतंय!"

धुळाजींनी डोळे उघडले आणि पुन्हा मिटले. "माझी समजूत घालू नको पोरी."

समजूत कशी पटवायची? उज्ज्वलाने कडूबाईंच्या डोक्यावर हंडा दिला आणि अंगणातून इकडून तिकडे चालायला लावलं, तिथेच स्वतःच्या फोनवर फोर-केमध्ये शूटिंग केलं. कडूबाईंना वाटलं आपला फोटो चाललाय, त्या पदर सावरून ऐटीत चालल्या. मग तेच पडद्यावर लावलं. धुळाजींनी एकदा पडद्यावरच्या बायकोकडे बघितलं, एकदा दारातल्या बायकोकडे बघितलं.

"तू लंगडतीस की गं," ते पडद्याकडे बोट करून म्हणाले.

"लंगडं व्हईल माझा वैरी!" कडूबाईंनी हंडा दाणकन आपटला. "चांगली खडखडीत चालले मी. ह्या पोरीसमोर चालले."

"तेच म्हणतोय. हितं धड चाललीस आन् तितं लंगडलीस." धुळाजी उठून बसले. चार दिवसांनी पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हललं. "मंग त्या दिवशी मला जे दिसलं ते दिसलंच व्हतं. डोळं गेलेलं न्हाईत."

"न्हाईत मामा. तुमच्या डोळ्यांनी मशीनची खोडी पकडली. मला, सोमनाथला, कोणालाच दिसली नव्हती."

त्या दिवशी उज्ज्वलाने मनाशी गाठ बांधली. होळीला तीन आठवडे होते. तेवढ्यात हे मशीन सरळ चालतं करायचं आणि म्हाताऱ्याचा शब्द त्याला परत मिळवून द्यायचा.

सोमनाथने फोनवर दुखणं सांगितलं. "ताई, नव्या फोनचा व्हिडिओ नव्या पद्धतीनं घडी घालून ठिवलेला असतो. ती घडी उलगडायची युक्ती ह्या जुन्या मशीनला जन्मतः ठाव न्हाई. त्यामुळं ते सगळं हिशोब करून करून उलगडतंय. दमतंय बिचारं. वेळेत झालं न्हाई की मधलं चित्र सोडून पुढं पळतंय. नवा कॉम्प्युटर घे, मिटलं."

"नवा घेत न्हाई. ह्याच्यात काय करता येईल ते सांग."

सोमनाथने उसासा टाकला, पण भाऊ चांगला होता. त्याने सांगितलं की एक लहानसं ग्राफिक्स कार्ड मिळतं, तेही आता जुनंच झालंय, पण त्याला ही घडी उलगडायची युक्ती येते. ते बसवलं तर मशीनचं ओझं उतरेल. अडचण एवढीच की हा डबा बुटका. अर्ध्या उंचीचं कार्ड पाहिजे, आणि फार वीज न खाणारं. उज्ज्वला दुसऱ्या दिवशी एसटीने बीडला गेली. स्टँडामागच्या गल्लीतली दुरुस्तीची दुकानं पालथी घातली. कोणी हसलं, कोणी नवीन दाखवलं. पाचव्या दुकानात एका म्हाताऱ्या दुरुस्तीवाल्याने खोक्यातून तळहाताएवढं कार्ड काढलं, फुंकर मारली आणि विचारलं, "बेटी, इतक्या जुन्या मशीनवर काय बघनार?"

"सासऱ्यांची मेंढरं," ती म्हणाली.

त्याने सगळी हकीकत विचारून घेतली. मग तिच्या पिशवीतून डोकावणाऱ्या घोंगडीकडे बघितलं. ती तिने भावासाठी आणली होती. व्यवहार तिथल्या तिथे झाला. कार्ड हिच्याकडे, घोंगडी त्याच्याकडे. सोमनाथ अजून तिला त्या घोंगडीवरून बोलतो.

कार्ड बसलं. गिरणीसारखा घरघरणारा पंखा एकदम शांत झाला, जणू मशीन बसून पाणी प्यालं. कडूबाईंचं चालणं पुन्हा लावलं. व्हिडिओच्या कोपऱ्यात गळलेल्या चित्रांचा आकडा दिसायची सोय होती. आधी तो शेकड्यांत जायचा, आता शून्यावर ठाण मांडून होता. उज्ज्वलाच्या आनंदाला पारावार राहिला नाही. तिने सासऱ्यांकडे बघितलं.

धुळाजी मान हलवत होते. "पयल्यापेक्षा बरं हाय. पर अजून लंगडतीय. बारीक."

"शून्य आहे मामा, शून्य! एकही चित्र गळत न्हाई."

"तुझं शून्य तुझ्यापाशी. मला दिसतंय ते सांगतो."

सोमनाथ फोनवर म्हणाला, आता म्हाताऱ्याला सवय लागलीय, मनात बसलंय, सोडून दे. उज्ज्वलानेही खूप निरखून बघितलं, तिला काही दिसेना. एका बाजूला कॉम्प्युटरचा आकडा आणि शिकलेला भाऊ, दुसऱ्या बाजूला शाळेची पायरी न चढलेला सत्तरीचा म्हातारा. पण एकदा तिने डोळे झाकून मशीनवर भरवसा टाकला होता आणि त्याची किंमत म्हाताऱ्याने मोजली होती. ती पुन्हा तशी चूक करणार नव्हती. तीन दिवस तिने मशीनची एकेक सेटिंग उघडून पाहिली. चौथ्या दिवशी सापडलं. व्हिडिओत सेकंदाला तीस चित्रं होती. टीव्हीला जोडलेली वायर जुनी, तिच्यावरून मशीनने आपलं आपणच ठरवून टाकलं होतं की पडद्याला सेकंदाला चोवीसच द्यायची. मशीन इमानदारीत तीसच्या तीस उलगडत होतं, आणि पडद्यापर्यंत पोचताना पाचातलं एक गुपचूप बाहेर राहत होतं. आकड्यात ते कुठेच धरलेलं नव्हतं. उज्ज्वलाने चोवीसचे तीस केले, एवढंच. आणि पुन्हा कडूबाईंना चालवलं.

धुळाजी बघत राहिले. कडूबाई हंडा घेऊन अंगणातून गेल्या, ऐटीत, पदर सावरत.

"आता चालली," ते म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, "चाळीस वर्षांमागं अशीच चालायची. मी बघितलंच न्हाई कधी धडपणी, मेंढरं बघत ऱ्हायलो."

कडूबाई चुलीकडे गेल्या. उज्ज्वलाला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. चौदा वर्षांचं भंगारातलं मशीन, हिरव्या रेघेचा टीव्ही, आणि आकड्याला न सापडलेली खोडी नजरेने पकडणारा हा माणूस. तिला त्या क्षणी या तिघांचाही अभिमान वाटला.

होळीच्या आधीचा शनिवार उजाडला. सुरज आला, फोनचं कार्ड दिलं, चहा घेत ओसरीवर टेकला. मशीनच्या खोडीचं बजरंगला काही सांगितलेलं नव्हतं. त्याने व्हिडिओ द्यायला नाही म्हटलं नव्हतं, पण निरोपही दिला होता की आबानं बघायचं तर बघावं, सांगू मात्र काही नये. उज्ज्वलाने कार्ड लावलं. कळप आला. यावेळी तो पडद्यावर नव्हताच, समोरच होता; एकेक खूर उचललं, वळलं, मातीत टेकलं. धुळाजींच्या तोंडून हळूहळू शब्द सुटू लागले. "ही काळ्या तोंडाची गाभण हाय. त्या कोकराला आईचं दूध पुरंना. पायाला सगळी चांगली. चांगलं चारलंय बजरंगनं." शेवटी कळप निघून गेला, आणि मागून खांद्यावर घोंगडी टाकून बजरंग चालत आला. आठ-दहा पावलं असतील, मग तो चौकटीबाहेर गेला.

उज्ज्वला नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होती. वाळलाय, एवढं तिला जाणवलं. दाढी वाढलीय.

"शेवटचं पुन्हा लाव," धुळाजी म्हणाले. तिने लावलं. "पुन्हा." तिने पुन्हा लावलं. धुळाजींनी काठी हातात घेतली. "सुरज, बजरंगाच्या डाव्या पायाला काय झालंय?"

"कुठं काय, काका?" सुरजने कपबशीत तोंड घातलं.

"फोन लाव त्येला."

उज्ज्वलाने फोन लावला, मुद्दाम स्पीकरवर ठेवला. बजरंगने ऐकून घेतलं आणि तो भडकला. "आबा, पुन्हा तेच? मागल्या खेपंला समदा कळप लंगडा केला, आता मला लंगडं करता व्हय? त्या भंगार मशीनला आग लावा आधी."

धुळाजींचा आवाज चढला नाही. "बजरंग, मागल्या खेपंला मशीन लंगडत व्हतं, म्हणून सगळीच लंगडली. मेंढरं, कुत्रं, सुरज, समदी. आज मेंढरं सरळ चालत्यात. कुत्रं सरळ चालतंय. गवत हलतंय ते बी सरळ. मग मशीननं तुझाच एक पाय का म्हून धरला? टाच टेकत न्हाईस तू. बोटांवर चालतुयास. किती दिस झालं?"

 फोनमधून मेंढरांचं बें-बें ऐकू येत होतं. सुरजने कपबशी खाली ठेवली.

"बारा दिस झालं, काका," तो खाली मान घालून म्हणाला. "बाभळीचा काटा हाय, आतच मोडला. पाय सुजून टम्म झालाय. दादानं शपथ घातलती घरी सांगायचं न्हाई म्हणून. वैनी, मागल्या शनवारी तुमी इचारलं, मी बरा हाय म्हणालो. चुकलं माझं."

 बारा दिवस. आणि आत्ता उज्ज्वला त्याच माणसाला भिंतीएवढा मोठा बघत होती, पापणीसकट, आणि तिला दाढी दिसली. "का न्हाई सांगितलं?" ती फोनवर ओरडली. तिला स्वतःचाच आवाज ओळखू आला नाही.

"कोणत्या तोंडानं सांगू?" बजरंग म्हणाला. त्याचा राग कुठे गेला होता कोण जाणे. "आबाला दिसत न्हाई म्हणून मी बोललो. आन् आठ दिसांनी माझाच पाय… कळप टाकून कसा येऊ? येतानाच दिसलं असतं आबाला, दारातनं."

"तितंच बस," धुळाजी म्हणाले. "पोरगी येतीय."

उज्ज्वला सुरजच्या मोटारसायकलवर पालीला गेली, तिथून बजरंगला रिक्षात घालून बीडच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरने टाच कापून बोटाच्या पेराएवढा काटा काढला, आणि पू किती वर चढला होता ते उज्ज्वलाला बाजूला घेऊन सांगितलं. आणखी आठवडाभर असाच चालला असता तर पाय वाचवायचं बोलणंच वेगळं झालं असतं. तिने ते बजरंगला सांगितलं नाही. रात्रभर त्याच्या खाटेशी बसून राहिली आणि मधूनमधून त्याच्या उजव्या, चांगल्या पायावर हात ठेवत होती.

कळप सुरज आणि त्याच्या बायकोने, वत्सलाने सांभाळला. बजरंग पंधरा दिवसांसाठी घरी आला. पट्टी बांधलेला पाय उशीवर, आणि शेजारच्या बाजेवर बाप. दोघं पहिले दोन दिवस फारसं बोलले नाहीत. दोघांनाही तसली सवय नव्हती. कडूबाई दोघांना सारखंच झापत होत्या.

होळी झाली. दुसऱ्या दिवशी सुरज कार्ड घेऊन आला. त्यात त्या सालची नर कोकरं, एकेक करून समोरून चालवलेली. सतरा कोकरं. बजरंगने आधीच एक मनाशी धरलं होतं हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पांढरं, थोराड, शिंगं आत्ताच वळायला लागलेली. ते आलं तेव्हा सुरजने चोरून बजरंगकडे बघितलं. बजरंग पडद्याकडे बघत होता, मग त्याने मान वळवली.

"आबा," तो म्हणाला, "यंदा कंचा राखायचा?"

 धुळाजींनी सतराच्या सतरा कोकरं दोनदा बघितली, घाई न करता, काठीवर हनुवटी टेकून.  उज्ज्वलाचा हात माउसवर होता. मग धुळाजी म्हणाले, "त्यो थोराड न्हाई. त्येच्या मागनं येतोय, तांबूस, त्यो. मागचं पाय बघ त्याचं. उतारावर कदी दमायचा न्हाई."

बजरंगने वाकून पाहिलं. पुन्हा लावायला सांगितलं, पुन्हा पाहिलं. त्याला काय दिसलं, काय नाही, ते त्याचं त्याला माहीत. सुरज तोवर उठून दारात पिठाचं पोतं मोटारसायकलला बांधत होता. त्याने आतून सांगितलेलं ऐकलं आणि तो चाचरत म्हणाला, "दादा, तांबूस? त्यो तर बारका हाय. नीट बघितलंस ना?"

"मी न्हाई," बजरंग म्हणाला. "आबानं बघितलंय."

सुरजने पोत्याची गाठ आवळली आणि गाडीला किक मारली.